वनतीची पाळणी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पोहोचले एकदाची! म्हसावदपर्यंत माणसासारखी बसून आले. म्हसावद सुटलं, घाट लागला आणि जीपमधल्या साऱ्या बायका माझ्या अंगावर, मी दाराच्या अंगावर. कंबर जागेवर आहे की नाही ते उद्या सकाळी कळेल.

ह्यांना कळवायचं तर इथं रेंज नाही. "टेकडीवर जावं लागतं मॅडम," लखन सर म्हणाले. लखन सर म्हणजे इथले मास्तर. इथल्याच पाड्यातले, पावरा आदिवासी, तिशीचे असतील. शाळाही तेच बघतात आणि हे वसतिगृहही. रोज संध्याकाळी टेकडीवर चढतात, साऱ्या पाड्याचे निरोप घेऊन खाली येतात. माझाही निरोप त्यांनीच नेला. उत्तर आलं— "रूपकंवर, दोन दिवसांत परत येशील, पैज." चाळीस वर्षं संसार केला आणि माणसाला माझी एवढीच पारख!

मुलं त्रेचाळीस. आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला गेले, होळीला येतील. तोवर मुलं इथं, शाळेच्याच दोन खोल्यांत. आमच्या शहाद्याच्या जैन महिला मंडळाने धान्य-कपडे द्यायचं ठरवलं. मग कुणीतरी दोन महिने राहून बघावं असं निघालं, तेव्हा साऱ्या बायका आपापली नखं बघायला लागल्या. मी हात वर केला. का केला देव जाणे! नातू रिषभ पुण्याला शिकायला गेल्यापासून दुकानावरच्या त्या माडीत दिवस सरत नव्हता, हे खरं कारण. सेवा वगैरे नंतर सुचलं.

नेहल टोरांटोहून म्हणाली, "आई, तू तर माझ्यापेक्षा लांब चाललीस." लेकीची थट्टा. पण आज पटलं. शहाद्याहून असे किती किलोमीटर, आणि एक शब्द कळत नाही. मुलं आपसात बोलतात, हसतात, बहुतेक मलाच.

११ फेब्रुवारी

मीनाबाई स्वयंपाक करते. मूळची म्हसावदची, वीस वर्षांपूर्वी इथं आली आणि राहिली. मुलांची पावरी बोली पाण्यासारखी बोलते, माझ्याशी अहिराणीत. मी कांदा, लसूण, बटाटा खात नाही, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, आमचा चौविहार, आणि पाणी प्यायचं ते उकळलेलंच, हे ऐकून तिने कमरेवर हात ठेवले. "मंग तुम्ही खातस तरी काय वं बाई?"

आता माझी डाळ वेगळी करते. कुरकुरत करते, पण करते.

पाणी उकळताना मुलं गोल करून बघत बसतात. त्यात एक काटकुळी पोरगी, नऊ वर्षांची, वनती. तिने मीनाबाईला विचारलं, ही म्हातारी पाणी का जाळते? मी म्हटलं, सांग तिला, माझं व्रत आहे. मीनाबाईने एकच शब्द सांगितला. पोरीने लगेच मान डोलावली, अगदी सगळं समजल्यासारखी, आणि पुढचं काही विचारलंच नाही. आमच्या नव्या सुनांना हे समजावताना घाम फुटतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

खरूज! त्रेचाळिसातल्या तीस जणांच्या बोटांत खरूज आणि डोक्यात उवा. मला शिकवता काय येणार, दहावी पास बाई मी. पण घासता येतं. चार मुलं वाढवली, सोवळंओवळं बघत जन्म गेला. आज मोठ्या पातेल्यात कडुलिंब उकळला, लाल साबण आणला होताच. एकेकाला ओट्यावर बसवलं आणि सकाळी आठपासून दीडपर्यंत त्रेचाळीस अंघोळी! मीनाबाई पाणी घालणार, मी घासणार.

शेवटी वनती. तिला गुदगुल्या होतात. साबण डोळ्यात गेला तरी हसत होती.

माझे दोन्ही हात सुजलेत. पण संध्याकाळी सगळी ओळीने जेवायला बसली तेव्हा चेहरे कसे लख्ख! ह्यांना निरोप पाठवला— पैज हरलात.

१९ फेब्रुवारी

आज कुणी हसलं नाही माझ्या मराठीला. की मीच ऐकलं नाही?

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरी अंघोळ. खरूज निम्मी गेली. लखन सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी का नाही आलात?" मी उगीच पदर सावरला.

वनतीला कॅलेंडर शिकवलं. मंडळाचं कॅलेंडर भिंतीवर लावलंय. तिला विचारलं, आई कधी येणार, तर म्हणे होळीला. होळी कधी? हात लांब करून दाखवला— तिकडे. मग मी तेरा मार्चला लाल गोल केला, आजच्या घरावर फुली मारली. रोज एक फुली, फुल्या गोलाला भिडल्या की आई. पोरगी फार हुशार! दोनदा सांगावं लागलं नाही. सगळी घरं बोटाने मोजली आणि अठरा बोटं दाखवली. बरोबर अठरा.

आता रोज सकाळी आधी फुली, मग दूध.

१ मार्च, शनिवार

टेकडीवर चढले! हे ऐकतील तर म्हणतील कोणत्या डॉक्टरला विचारून.

दर शनिवारी वनतीच्या बापाचा, करणसिंगचा, फोन येतो. वनती हाताला धरून ओढत घेऊन गेली, म्हणून गेले. लखन सर बरोबर. करणसिंग बोलला, मग तिची आई. वनती आधी पोपटासारखी बोलत होती. फुल्या, गोल, साबण, सगळं सांगत असावी. मग गप्प झाली आणि नुसतं ऐकत राहिली.

सरांनी सांगितलं— आईला आठवा महिना आहे. पाय सुजलेत, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी मोळ्या बांधते. मी फोन घेतला आणि सरांच्या तोंडून सांगितलं, आधी दवाखान्यात न्या. करणसिंग म्हणाला, "हो बाई. होळीला घरी आलो की धडगावला नेतो. मुकादम मधे सोडत नाही." मी म्हटलं, बरं.

मग आई माझ्याशी बोलली. एक अक्षर कळलं नाही, पण हसत होती. सर म्हणाले, ती म्हणते, माझ्या पोरीची खरूज घालवली ती बाई मला बघायचीय.

खाली आल्यावर मीनाबाईने सांगितलं, गेल्या वेळचं बाळ तिथंच उसाच्या फडात गेलं. वनतीला माहीत आहे सगळं.

४ मार्च

विशेष काही नाही. दोडकी चांगली झाली होती. लखन सर टेकडीवरून उशिरा आले, जेवले नाहीत. पित्त झालं म्हणे. मी ओवा दिला.

६ मार्च

मंडळाचा निरोप. सोमवारी, दहा तारखेला, येणार. महावीर स्वतः येतोय— आमच्या अध्यक्षांचा मुलगा, सगळे फोटो तोच काढतो आणि तोच सगळीकडे पाठवतो. मुलांना स्वच्छतेच्या पिशव्या वाटायच्या. साबण, कंगवा, टॉवेल, नेलकटर.

माझा उत्साह बघून मीनाबाई म्हणाली, "जावाईच ई ऱ्हायना जसा!"

८ मार्च, शनिवार

वनतीचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी फुली मारली पण दूध नको. चपला काढून कोपऱ्यात ठेवल्यात, अनवाणी हिंडते. इथले खडे बघता मला चपलेतही टोचतात! दुपारी जेवली, संध्याकाळी ताट परत केलं. मी थट्टेने म्हटलं, "काय गं, माझ्यासारखं चौविहार करतेस का?" हसली नाही.

शनिवार म्हणून टेकडीवर जायचं होतं तिला. मी दमले होते, आणि सरही म्हणाले, "आज नको. तिकडे बॅटरी नसते कधीकधी, फोन येणार नाही." एकटेच गेले आणि लगेच परत आले. त्यावरून रुसली असणार. रिषभही असाच रुसायचा, जेवणावर राग काढायचा. दुर्लक्ष केलं की दोन दिवसांत रुळावर येतात.

९ मार्च, रविवार

रुसवा चालूच! सतरंजी सोडून खाली उघड्या जमिनीवर निजली. तोंड धुतलं नाही. अंघोळीच्या वेळी शाळेमागे लपून बसली. बाकी बेचाळीस झाले. म्हटलं, उद्या सकाळी बघते तुला. पाहुण्यांसमोर असं शेंबडं पोर मी उभं करणार नाही.

१० मार्च, सोमवार

पार पडलं. महावीर खूश. "मावशी, कमाल केलीत! आधीचे फोटो आणि आताचे शेजारी शेजारी टाकतो." पिशव्या वाटल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणात तीन वाक्यं बोलले आणि चौथं विसरले.

वनतीची अंघोळ मात्र युद्ध झालं. बखोटीला धरून ओढत आणावं लागलं. ओट्याच्या खांबाला मिठी मारून बसली होती, एकेक बोट सोडवलं. मीनाबाई नेमकी चुलीपाशी, मीच एका हाताने धरलं आणि दुसऱ्याने पाणी घातलं. लखन सर लांबून म्हणाले, "राहू द्या मॅडम." दोनदा म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या कसं, सगळी चकचकीत आणि हीच एक मळकी? पाणी डोक्यावर पडलं तेव्हा एकदाच ओरडली. माझ्यावर नाही, वर बघून. मग अंग सैल सोडलं. मी घासलं, टाचा तर दगडाने घासल्या. गुदगुल्या झाल्या नाहीत.

फोटोत पहिल्या ओळीत बसवली. लख्ख दिसते. फोटो बघताना महावीर म्हणाला, "ही का अशी बघते?" मी म्हटलं, लाजते.

आता लिहिताना जरा कसंतरी होतंय. उद्या तिला गूळ-शेंगदाणे द्यावेत.

११ मार्च

गूळ घेतला नाही.

ओट्याजवळ बसून होती, आणि मूठमूठ माती घेऊन पायांना फासत होती. मी ओरडणार तेवढ्यात मीनाबाईने मला हाताने मागे ओढलं. आतापर्यंत कधी हात लावला नव्हता तिने.

"बाई, तुमले कोनी सांगं नही का? पोर पाळी ऱ्हायनी."

काय पाळते?

"होळीनी पाळनी. तिन्ही माय पोटुशी शे, बीमार शे. तिन्हासाठे धरी तिनी. एकच टाइम जेवतस, खाले निजतस, पायमा चप्पल नही. आनि आंगले पानी लावतस नही, होळी व्हवापावत." मग जरा थांबून म्हणाली, "मोठला मानसं पाळतस. पोरी नही पाळतस. पन घरमा दुसरं कोन शे?"

तीन वर्षांपूर्वी वनतीला ताप भरला होता, तेव्हा तिच्या बापाने पाळली. वनती वाचली. तेवढंच पोरीला माहीत. टेकडीवरून उतरली त्या दिवशीच ठरवलं असणार. कुणाला बोलली नाही, सांगायचं नसतं म्हणतात.

मी विचारलं, आणि मोडली तर?

मीनाबाई चुलीकडे बघत म्हणाली, "ज्यान्हासाठे धरेल ऱ्हास, त्यान्हावर येस म्हनतस."

एक वेळ जेवण. जमिनीवर झोप. अनवाणी. अंगाला पाणी नाही. अगं रूपकंवर, ही लक्षणं तुझ्याइतकी कोण ओळखणार होतं? गेल्या पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलीस, वाजतगाजत मिरवणूक, वरघोडा, निघाला, सत्कार झाला. आमच्या साध्वीजी दीक्षा घेतल्यापासून अंघोळ करत नाहीत. त्या दारात आल्या की त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांवर मी डोकं ठेवते. आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या पायांवरची तीच धूळ मी दगडाने घासून काढली! का? महावीर येणार म्हणून.

मीनाबाईने त्या पहिल्या दिवशी वनतीला सांगितलेला शब्द तोच होता. 'पाळणी.' म्हणून पोरीने मान डोलावली. तिला माझं पाणी एका शब्दात कळलं.

माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. साबणाने कुणाची आई मरत नाही. दहा वेळा स्वतःला सांगितलं. 

१२ मार्च

सरांना गाठलं. विचारलं, हे भरून कसं काढायचं? मोडलं मी आहे, तिने नाही. मी पाळले तर चालेल?

सर पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मला वाटलं, रागावलेत. मग म्हणाले, "पाळा मॅडम. तिला बरं वाटेल."

तशीच वनतीसमोर जाऊन जमिनीवर बसले. गुडघे कडाकडा वाजले. हात जोडले आणि म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम." वर्षातून एकदा संवत्सरीला सगळ्यांची माफी मागताना म्हणते, रांगेत, फोनवर, छापील कार्डावर. आज पहिल्यांदा एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. मग सरांना म्हटलं, तिला सांगा— तुझं मी मोडलं, आता मी पाळते. नुसतं होळीपर्यंत नाही, तुझी आई येईपर्यंत. एक वेळ जेवेन, खाली निजेन, अंगाला पाणी लावणार नाही.

सर सांगता सांगता मधेच थांबले. मी म्हटलं, सांगा ना पुढचं. त्यांनी सांगितलं. 

वनतीने माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या चपलांकडे बोट दाखवलं. मी काढल्या. तिने त्या उचलल्या आणि कोपऱ्यात आपल्या चपलांशेजारी ठेवल्या.

आमच्यात होळीच्या आगीत जीव जळतात म्हणून होळीकडे पाठ करतात. महाराज साहेबांना कळलं तर काय सांगू? ह्यांना तर नाहीच सांगणार.

तळपायाला तीन ठिकाणी खडे रुतले. उद्या गोल. उद्या आई. मग आधी तिला दवाखान्यात नेईन— माझ्या खर्चाने, माझ्या हाताने, आणि करणसिंग काय म्हणतो ते मग बघू!

१३ मार्च, गुरुवार

शेवटची फुली गोलाला भिडली. वनतीने केस स्वतः विंचरले. पाणी न लावता, नुसत्या कंगव्याने. मंडळाच्या पिशवीतल्या.

दुपारी तीनला जीप आली. माणसं आत, माणसं टपावर, गाठोडी, डबे, कोंबड्या. मुलं धावली. जो तो आपल्या पोराला उचलून घेत होता. एकेक उतरत गेलं. वनती दाराशी उभी, उतरेल त्याच्या तोंडाकडे बघत. करणसिंग उतरला. त्याच्या हातात पत्र्याची पेटी आणि एका पिशवीत बायकी चपला.

जीप रिकामी झाली तरी वनती आत वाकून बघत होती. सीटखालीसुद्धा बघितलं.

बापाने तिला उचललं आणि शाळेमागे नेलं. मी गेले नाही. आवाज ऐकला. तोच, सोमवारचा, पाणी डोक्यावर पडलं तेव्हाचा. या वेळी थांबला नाही.

मीनाबाई भिंतीला टेकून बसली होती. "गयी वं बाई. बाळबी गयं."

गावाने होळी केली. करणसिंगच्या घरचं कुणी गेलं नाही.

१४ मार्च

वनती माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे.

१५ मार्च, शनिवार

ती मीनाबाईला बोलली. मीनाबाई मला सांगत नव्हती, मी शपथ घातली तेव्हा सांगितलं. "बाईने मला धुतलं म्हणून." एवढंच.

 साबणाने कुणाची आई मरत नाही, हे वाक्य आता माझं मलाच लागू पडत नाही. सुजलेले पाय, अंधारी, आठवा महिना— टेकडीवर उभं राहून मी ऐकलं होतं. मी म्हटलं होतं, "बरं." खरं पाप ते. पण वनतीला ते माहीत नाही. तिला साबण माहीत आहे. आणि ती जन्मभर हेच धरून बसणार, की आईसाठी एक गोष्ट करायची होती, तीही नीट झाली नाही.

करणसिंगकडे गेले. मीच सांगितलं सगळं, लखन सर पावरीत सांगत होते. मला वाटलं, मारेल तरी. मारायला हवं होतं! तो जमिनीकडे बघत राहिला. मग सरांकडे बघितलं, सरांनी मान खाली घातली. म्हणाला, "बाई, तुझं काय." बस्स. याचा काय अर्थ लावायचा?

वनतीला तो परत फडावर नेणार आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, आणि भाकरी कोण करेल? मी म्हटलं, पोरीला इथंच राहू दे, हुशार आहे, अठरा घरं दोनदा न सांगता मोजली तिने. त्याने ऐकून घेतलं. रागावलासुद्धा नाही. पण नेणार.

मी पिशवी भरतेय. ह्यांचा निरोप आला, "पैज तूच जिंकलीस, आता ये." अंगाला वास येतोय माझ्या. चार दिवस. वेणीत माती. मीनाबाई म्हणाली, "आते धोई टाका बाई आंग, होळी व्हई गयी." मी नाही म्हटलं. आई येईपर्यंत म्हटलं होतं मी. आता ते कधी संपायचं?

१६ मार्च, रविवार

लखन सर सकाळी आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. ती गेली ती चार तारखेला, फडावरच. करणसिंगने फोनवर विनवलं होतं, मी येईपर्यंत पोरीला कळू देऊ नका. म्हणून ते गप्प राहिले. वनतीने पाळणी धरली तेव्हा, मी घासत होते तेव्हा, मी पाळते म्हटलं तेव्हासुद्धा. "कुणालाच सांगता येत नव्हतं मॅडम," म्हणाले आणि रडले.

मी मागचं पान काढलं. चार मार्च. विशेष काही नाही. दोडकी चांगली झाली होती.

इथं तरी खोटं कशाला लिहू. पहिलं मनात काय आलं? सुटले! एक बाई मेल्याची तारीख ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. मग इतकी लाज वाटली की पदर तोंडावर घेतला.

सरांना म्हटलं, मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. कॅलेंडरपाशी नेऊन सांगा. त्यांनी सांगितलं. वनतीने चारवर बोट ठेवलं. एकेक घर सरकवत दहावर आणलं, जिथं मी तिला धुतलं होतं. पुन्हा मागे चारवर नेलं. 

दुपारी मी ओट्यावर बसले होते. वनती बादली घेऊन आली, दोन्ही हातांनी ओढत, निम्मं पाणी सांडत. माझ्याच मराठीत म्हणाली, "आई नाय येणार. कर अंघोळ." आणि माझा पदर खाली ओढून डोक्यावर तांब्या ओतला. मग साबण लावला. केस, मान, हात, टाचा. मी तिला लावला होता तसाच, जोराने.

उद्या सकाळच्या जीपने ती जाणार.